पाण्याचा ताळेबंद

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांचा काळ ही कोणत्याही सार्वजनिक संस्थेची कसोटीच असते. या काळात माणसे बदलतात, इमारती जुन्या होतात, नव्या उभ्या राहतात. परंतु संस्थेची पत टिकून राहते ती तिच्या हिशेबाच्या वह्यांमुळे. देणगीदाराने दिलेला रुपया कोठून आला, कोठे गेला आणि वर्षाअखेरीस शिल्लक काय उरली, हे ज्या संस्थेला उभ्या उभ्या सांगता येते, तिच्यावर समाज डोळे मिटून विश्वास टाकतो. व्यापारी समाजाला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद या तीन गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. मात्र याच समाजाच्या घरात, दुकानात, मंदिरात आणि धर्मशाळेत दररोज खर्च होणारी एक वस्तू अशी आहे की, तिची जमा कोणी मांडत नाही आणि खर्च कोणी लिहीत नाही. ती वस्तू म्हणजे पाणी. आजच्या मंगल प्रसंगी याच विसरलेल्या खात्याचा विचार करावयाचा आहे.

माळेगाव बुद्रुक हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या छायेत वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा कालवा या कोरड्या मुलखात आला आणि दुष्काळाचे नाव सांगणारी जमीन उसाचे नाव सांगू लागली. सहकारी साखर कारखाना आला, शिक्षणसंस्था आल्या, कृषी विज्ञान केंद्र आले. शेजारच्या माळेगाव खुर्द येथे २००९ साली शेतीवरील अजैविक ताणांचा, म्हणजे दुष्काळ, क्षार आणि उष्णता यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. मात्र याच बारामती तालुक्याचे दुसरे रूपही सर्वांना ठाऊक आहे. कालव्याच्या एका अंगाला हिरवागार बागायत पट्टा, तर दुसऱ्या अंगाला सुपे-मोरगावकडील जिरायत भाग, जेथे उन्हाळा लागला की पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. एकाच तालुक्यात पाण्याची श्रीमंती आणि पाण्याचे दारिद्र्य इतक्या जवळ नांदताना क्वचितच पाहावयास मिळते. यावरून एवढा बोध घ्यावयास हरकत नाही की, माळेगावचे पाणी हे काही माळेगावचे स्वकष्टार्जित धन नव्हे. ते भाटघर, वीर, नीरा-देवघर अशा धरणांतून आलेले आणि अनेक गावांचा हक्क असलेले समाईक धन आहे. आणि समाईक धनाला तर हिशेब अधिकच काटेकोर लागतो.

याच नीरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाणीवाटपाची ‘ब्लॉक पद्धती’ पुढे आणली होती, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. एकाच ठिकाणच्या शेतकऱ्यांनी सारे पाणी उसाकडे ओढून घेऊ नये, ते अनेक गावांत गटागटाने आणि पिकांच्या क्रमाने विभागले जावे, असा त्या पद्धतीचा आशय होता. म्हणजे पाण्याचा वाटा ठरवून देणे ही कल्पना या भूमीला नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी ती शेताच्या बांधापर्यंत आली. घराच्या नळापर्यंत मात्र ती अद्याप पोहोचावयाची आहे.

२०२१ साली माळेगाव बुद्रुकची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. हा केवळ पाटीवरील अक्षरांचा बदल नव्हे. गाव जेव्हा नगर होते, तेव्हा आडातून शेंदलेल्या पाण्याची जागा नळ घेतो, अंगणातील एका रांजणाची जागा गच्चीवरील टाकी घेते आणि एका वाड्याच्या जागी सदनिकांचे मजले उभे राहतात. पाण्याची गरज केवळ माणसांच्या संख्येने वाढत नाही, ती राहणीमानानेही वाढते. शासकीय मापदंडच पाहिले तरी हे स्पष्ट होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले. तर भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी हेच प्रमाण १३५ लिटर आहे. खेड्यातून शहराकडे जाताना माणूस तोच राहतो, त्याची तहान तीच राहते, परंतु त्याच्या नावावर पडणारे पाणी जवळजवळ अडीचपट होते. हे वाढीव पाणी आणावयाचे कोठून, हा प्रश्न प्रत्येक नव्या नगरासमोर उभा आहे. धरणे तीच आहेत, कालवा तोच आहे, आणि पाऊस तर कोणाच्याच हुकमतीत नाही.

जैन आचारधर्माने या प्रश्नाकडे फार पूर्वी पाहिले आहे. पाणी हा निर्जीव पदार्थ नसून अप्कायिक जीवांचे शरीर आहे, ही श्रद्धा असल्यामुळे पाण्याचा प्रत्येक अनावश्यक थेंब हिंसेच्या खात्यात जमा होतो. पाणी गाळून घेण्याची रीत सर्वांना परिचित आहे. गाळण्यात उरलेली जिवाणी ज्या आडातून पाणी काढले त्याच आडात परत पोहोचविण्याची काळजी जुन्या पिढीतील श्राविका घेत असत. त्याहूनही लक्ष वेधणारी गोष्ट म्हणजे श्रावकाचे चौदा नियम. सकाळी उठून त्या दिवसाच्या भोगोपभोगाची मर्यादा ठरवावयाची आणि संध्याकाळी ती तपासावयाची, असा हा नित्यक्रम. त्यात ‘स्नान’ हा एक स्वतंत्र नियम आहे. आणि चौदा नियमांना जोडून पृथ्वीकाय, अप्काय इत्यादींचीही मर्यादा धारण करण्याची प्रथा आहे. आज दिवसभरात इतकेच पाणी वापरीन, असा संकल्प सकाळी करणे आणि रात्री त्याचा पडताळा घेणे, याला आजच्या भाषेत पाण्याचे अंदाजपत्रक असेच म्हणावे लागेल. अडचण एवढीच आहे की, पूर्वी पाणी कळशीने येत असे, त्यामुळे संकल्पाला माप होते. नळाला माप नाही. तोटी उघडली आणि बंद केली, यामधील काळात एक बादली गेली की पाच, हे सांगणारे कोणी नाही. मर्यादेचे व्रत घेणाऱ्याला मोजण्याचे साधनच नसेल, तर ते व्रत पाळले की मोडले, हे त्याचे त्यालाही कळणार नाही.

कापडाच्या धंद्यातील माणसांना मापाचे महत्त्व चटकन उमगते. १९५६ च्या मापविषयक कायद्यानंतर हळूहळू गज आणि वार मागे पडले आणि दुकानात मीटरची पट्टी आली. आरंभी ग्राहकाच्या मनात शंका असते की, नव्या मापात आपले काही कमी तर होणार नाही ना? परंतु माप एकदा सर्वांसाठी सारखे आणि डोळ्यांसमोर झाले की, शंका मावळते. ताक्यातून नजरेच्या अंदाजाने कापड फाडून देणारा दुकानदार कितीही उदार असला, तरी वर्षअखेरीस त्याचे दुकान तोट्यात गेल्याशिवाय राहणार नाही. आणि मौज अशी की, या औदार्याचा लाभ गरजू ग्राहकाला मिळत नाही. तो मिळतो पहिल्याने आणि मोठ्याने मागणाऱ्याला. आपल्या बहुतेक गावांतील पाणीपुरवठा असाच नजरेच्या अंदाजाने चालतो. नळजोड अर्ध्या इंचाचा असला की वर्षाची पाणीपट्टी ठरलेली. मग त्या घरात दोन वृद्ध राहोत की अंगणात रोज मोटार धुणारे आणि बाग भिजविणारे कुटुंब राहो. जो जपून वापरतो त्याला बक्षीस नाही, जो उधळतो त्याला जाब नाही. काटकसर करणाऱ्याने उधळ्याचे देयक भरावे, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत पालिकेचेही हित नाही. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आणि देयकात उमटलेले पाणी यांतील तफावतीला अभियंते ‘हिशेबबाह्य पाणी’ म्हणतात. गळक्या नळ्या, चोरटे नळजोड, सार्वजनिक ठिकाणच्या उघड्या तोट्या आणि बंद पडलेले मीटर या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. पाण्यावर तुरटी, क्लोरीन, वीज आणि मजुरी यांचा खर्च आधीच झालेला असतो. म्हणजे हा माल कारखान्यातून तयार होऊन वाटेतच सांडलेला असतो. म्हणून मापाचा आरंभ ग्राहकाच्या दारापासून करणे योग्य नव्हे. प्रथम पालिकेने आपल्या उद्भवावर, शुद्धीकरण केंद्रावर आणि प्रत्येक उंच टाकीच्या तोंडाशी मीटर बसवावा. स्वतःच्या गोदामाची मोजदाद न करता गिऱ्हाइकाच्या पिशवीत डोकावणाऱ्या दुकानदाराला बाजारात मान मिळत नाही.

असे काही आपल्याकडे घडू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात मिळते. कराडलगतच्या, तेव्हा नगरपंचायत असलेल्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबविली. घरोघर मीटर बसविले. तेही असे की, वाचन घेणाऱ्याने दारात येऊन झाकण उघडण्याची गरज नाही, रस्त्यावरून जाताना हातातील यंत्रावर रेडिओ लहरींनी आकडा उमटतो. दर टप्प्याटप्प्याने वाढणारे ठेवले. कमी वापराला कमी दर, जास्त वापराला चढा दर. राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कारांनी या लहान गावाचा गौरव झाला आणि ठिकठिकाणचे लोकप्रतिनिधी ती योजना पाहण्यास गेले. चोवीस तास पाणी दिले तर लोक अधिक उधळतील, हा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्यामागचे कारण तपासले तर उलटेच दिसते. पाणी दिवसातून तासभर येणार असले की, माणूस घाबरून सारी भांडी भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून ओतून देतो. तोट्या उघड्या राहतात. दाब कमी म्हणून थेट वाहिनीला मोटार लावली जाते आणि वरच्या आळीतील घरे कोरडी राहतात. पुरवठा थांबला की रिकाम्या नळीत पोकळी निर्माण होऊन गटाराचे पाणी शोषले जाते. शिवाय पाणी येण्याआधी नळीतील हवा जोराने बाहेर पडते आणि तिने मीटरचे काटे फिरतात. नागरिकांची ही तक्रार खोटी नसते. म्हणून अखंड दाब आणि घरोघर मीटर ही जोडी आहे. एकाशिवाय दुसरे आणले तर दोन्ही बदनाम होतात.

आता ‘स्मार्ट मीटर’ या शब्दाविषयी थोडे. साध्या मीटरमध्ये पाण्याच्या प्रवाहाने एक लहान चक्र फिरते आणि आकडे पुढे सरकतात. महिन्या-दोन महिन्यांनी कोणी येऊन तो आकडा टिपतो. तोपर्यंत जे सांडले ते सांडले. नव्या मीटरमध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने प्रवाह मोजण्याची सोय असते आणि तासातासाची नोंद आपोआप कार्यालयाकडे जाते. त्याचा खरा उपयोग रात्री होतो. रात्री दोन ते चार या वेळेत सारे घर झोपलेले असते. गच्चीवरील टाकी भरलेली असली की, त्या वेळी मीटरवरील प्रवाह शून्य असावयास हवा. तो शून्य नसेल, तर कोठेतरी गळती आहे, हे निश्चित. शौचालयाच्या टाकीतून मिनिटाला केवळ एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी मुक्याने झिरपत असेल, तर चोवीस तासांत २८८ लिटर पाणी जाते. ग्रामीण मापदंडाप्रमाणे पाच माणसांच्या कुटुंबाचा संपूर्ण दिवसाचा वाटा २७५ लिटर आहे. म्हणजे ज्या घरात गळका वॉल्व्ह आहे, त्या घरात एक अदृश्य कुटुंब पाहुणे म्हणून राहते आहे. साध्या मीटरला हा पाहुणा दोन महिन्यांनी कळतो, स्मार्ट मीटरला दुसऱ्या दिवशी सकाळी. संपूर्ण वस्तीच्या वाहिनीवर हाच न्याय लावला की, जमिनीखालची गळती रस्ता न खोदता हेरता येते.

येथवर मीटरची बाजू झाली. परंतु केवळ मीटर बसवून न्याय होत नाही. आणि या ठिकाणी एकत्र कुटुंबाची परंपरा जपणाऱ्या समाजाने विशेष सावध राहिले पाहिजे. टप्प्याटप्प्याचा दर हा नळजोडावर आकारला जातो, माणसांवर नव्हे. समजा, पहिले १५ युनिट स्वस्त आहेत आणि त्यापुढे दर चढत जातो. एक युनिट म्हणजे हजार लिटर. एका घरात पाच माणसे आहेत आणि ती प्रत्येकी १०० लिटर वापरतात. महिन्याचे पाणी झाले १५ युनिट. ते घर स्वस्त टप्प्यात राहिले. शेजारी तीन भावांचे एकत्र कुटुंब आहे, माणसे बारा. तेथे वडीलधाऱ्यांचा धाक असल्याने दरडोई ८० लिटरच वापर होतो. परंतु महिन्याची बेरीज होते २८.८ युनिट. अधिक काटकसर करणारे कुटुंब अधिक चढ्या दराने दंडित होते. एकाच नळावर अवलंबून असलेल्या भाडेकरूंच्या चाळीची आणि गरिबांच्या दाट वस्तीची स्थिती याहून वाईट. मोजमाप बरोबर, परंतु वाटणी चूक, असे हे उदाहरण आहे.

याच कारणासाठी जगात काही ठिकाणी ‘ग्राहकाचे पाणी-अंदाजपत्रक’ ही पद्धत पुढे आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अर्व्हाइन रँच नावाच्या पाणीपुरवठा मंडळाने १९९१ साली ती स्वीकारली. प्रत्येक ग्राहकाचा महिन्याचा वाटा वेगळा ठरतो. घरात माणसे किती, बागेचे क्षेत्र किती आणि त्या दिवसांत ऊन किती, यांवरून गणित मांडले जाते. वाट्याच्या आत राहणाऱ्याला कमी दर. वाटा ओलांडणाऱ्याला चढता दर. आणि त्या चढत्या दरातून आलेली रक्कम पाणीबचतीच्या कामांकडे. येथे दंडाची भीती मुख्य नाही. देयकावर दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, आपला वाटा आणि आपला वापर. आणि ज्याला हिशेब कळतो तो माणूस त्या दोन आकड्यांकडे पाहून स्वतःच सावध होतो.

यातील धोकेही जगाने अनुभवले आहेत. त्याच कॅलिफोर्नियात सॅन हुआन कॅपिस्ट्रानो या नगराच्या चढत्या दरांवर नागरिक न्यायालयात गेले आणि २०१५ साली निर्णय लागला की, प्रत्येक टप्प्याचा दर हा त्या सेवेच्या प्रत्यक्ष खर्चाशी जुळला पाहिजे. केवळ लोकांना धाक बसावा म्हणून मनमानी आकडा लावता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरावर २०१८ साली नळ कोरडे पडण्याची वेळ आली, तेव्हा दरडोई दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली. नागरिकांनी ती मनावर घेतली, काही वर्षांपूर्वीच्या तुलनेत शहराचा वापर जवळपास निम्म्यावर आला आणि संकट टळले. तथापि त्याच शहरात अनेक गरीब घरांच्या नळांना दिवसाला ३५० लिटरनंतर आपोआप बंद होणारे यंत्र बसविलेले होते. ज्या अंगणात तीन-चार कुटुंबे एका नळावर जगत, तेथे दुपारीच तोटी आटे. यंत्राला घर दिसत होते, घरातील माणसे दिसत नव्हती.

माणसे मोजून पाणी वाटण्याचा धडा मात्र परदेशातून आणावयाची गरज नाही. बारामतीच्या शेजारी पुरंदर तालुका आहे. १९७२ च्या दुष्काळाने व्यथित झालेले पुण्यातील अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली आणि तेथे पाणी अडवून, जिरवून दाखविले. १९७४ साली ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून पाणीपंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम थोडे आणि स्पष्ट होते. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी. भूमिहीनालाही त्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. उसासारखे तहानलेले पीक घ्यावयाचे नाही. आणि योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा. साळुंखे २००२ साली दिवंगत झाले. परंतु अर्व्हाइनच्या आधीच पुरंदरच्या माळावर पाण्याचे माणशी अंदाजपत्रक मांडले गेले होते, ही नोंद कायम राहील. एका देवस्थानाच्या जमिनीवर त्याचा आरंभ झाला, हे तर कोणत्याही विश्वस्ताने आवर्जून लक्षात ठेवावे.

त्याच मार्गाने अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गेले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पावसाचे माप घेऊन दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. किती पाऊस पडला, किती मुरला; त्यातून आधी माणसांचे पिणे, मग जनावरे, आणि उरले तर कोणते पीक, हा क्रम ठरला. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी करण्याचा निर्णय गाव स्वतः घेते. या कार्यासाठी पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पुढे केंद्र शासनाच्या अटल भूजल योजनेने गावपातळीवरील पाण्याचा ताळेबंद हाच आपला पाया मानला. म्हणजे शेतासाठी ताळेबंद झाला, गावासाठी झाला. आता तो घरासाठी व्हावयाचा आहे.

यावर एक आक्षेप माळेगावात हमखास येईल, आणि तो योग्यही आहे. उसाला एवढे पाणी जात असताना घरातील बादलीचा हिशेब कशाला? प्रवाही पद्धतीने एका एकर उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी दिले असे धरले, तर ते सुमारे ८० लाख लिटर होते. दरडोई ५५ लिटर या प्रमाणाने ते चारशे माणसांना वर्षभर पुरेल. मग घरातील काटकसरीने काय साधणार? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, उसालाही आता मापाखाली आणण्याचे काम याच परिसरात चालू झाले आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने जमिनीतील ओलावा मोजणारी उपकरणे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साहाय्याने ऊस पिकविण्याचे प्रयोग केले आहेत. शेतातील उसाला किती तहान आहे हे जेथे यंत्राने मोजता येते, तेथे घराच्या नळाला मीटर जड होऊ नये.

दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. कालव्याच्या आधाराने जगणाऱ्या नगराचे पाणी वर्षाच्या बेरजेवर चालत नाही, ते दोन आवर्तनांमधील दिवसांवर चालते. आवर्तन आले की साठवण तलाव भरावयाचा आणि पुढचे आवर्तन येईपर्यंत तो पुरवावयाचा. समजा, तलावातील पाणी दरडोई १५० लिटर वापराने तीस दिवस पुरते. तोच वापर १०० लिटरवर आणला, तर तेच पाणी पंचेचाळीस दिवस पुरेल. उन्हाळ्यात आवर्तन लांबले, कालवा फुटला किंवा धरणातील साठा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, तर हे पंधरा दिवस कोणत्याही रकमेने विकत मिळत नाहीत. ज्याच्या घरी बोअर आहे आणि टँकर मागविण्याची ऐपत आहे, त्याला या पंधरा दिवसांची झळ कमी लागते. ज्याच्या घरी यातले काही नाही, त्या घरातील मुलगी शाळा बुडवून हंडा घेऊन उभी राहते. श्रीमंत आळीतील वाहती टाकी आणि गरीब आळीतील रिकामा हंडा यांचा संबंध तेव्हा उघड होतो.

‘पाणी निसर्गाचे, त्याला मोल कसले?’ असाही प्रश्न विचारला जातो. पाण्याला मोल नाही, हे मान्य. परंतु ते उपसून, शुद्ध करून, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचविण्याला मोल आहे. म्हणून जगण्यापुरता वाटा अत्यल्प दरात, आणि शक्य असल्यास निर्धन कुटुंबांना विनामूल्य मिळाला पाहिजे. मोल आकारावयाचे ते चैनीचे. तसेच स्मार्ट मीटरमधील तासातासाची नोंद म्हणजे घराच्या दिनचर्येची नोंद आहे. कुटुंब परगावी गेले आहे, हेही त्यावरून कळते. ती माहिती कोणाच्या हाती राहील आणि किती काळ राहील, याचे नियम मीटर बसण्याआधी लेखी झाले पाहिजेत. घरात माणसे किती, याची नोंद शिधापत्रिका व पाहणी यांवरून दरवर्षी व्हावी. आजारी माणूस, बाळंतीण, घरचे कार्य यांसाठी वाढीव वाट्याची तरतूद असावी. आणि मीटर चुकीचा फिरतो अशी तक्रार आली, तर ग्राहकासमोर तो तपासून देण्याची सोय गावातच असावी. तराजूवर शंका आली की वजन पुन्हा करून दाखवावे लागते; पालिकेचा तराजू त्याला अपवाद नाही.

मग आरंभ कोणी करावयाचा? पालिकेचा ठराव, शासनाचा निधी आणि निविदा या गोष्टी यथावकाश होतील. परंतु सार्वजनिक संस्थांना त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. मंदिर, धर्मशाळा, भोजनशाळा, वसतिगृह आणि मंगल कार्यालय यांच्या नळांना आणि बोअरला प्रत्येकी एक साधा मीटर बसविण्यास फार मोठा खर्च येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आकडा टिपावा आणि देणगीदारांच्या फलकाशेजारी तो लावावा: गेल्या महिन्यात किती पाने वाढली गेली, किती यात्रेकरू उतरले आणि त्यांच्यामागे माणशी किती पाणी गेले. तीन महिने केवळ मोजावे, कोणाला काही म्हणू नये. चौथ्या महिन्यात विश्वस्तांच्या सभेत त्यावरून माणशी वाटा ठरवावा. रात्री झोपण्यापूर्वी एक आणि पहाटे उठल्यावर एक, असे दोन आकडे पाहिले तरी गळती सापडते. त्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. घरोघर हेच करता येईल. चौदा नियम धारण करणाऱ्या श्रावकाला तर त्यामुळे प्रथमच आपल्या अप्कायाच्या मर्यादेचा खरा आकडा हाती येईल.

वर्षअखेरीस संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाचे पत्रक वाचले जाते, तेव्हा त्याच्या खाली आणखी एक ओळ वाचली जावी: वर्षभरात वापरलेले पाणी, मागील वर्षाच्या तुलनेत वाढ अथवा घट, आणि तिचे कारण. सभासद त्यावर प्रश्न विचारतील, विश्वस्तांना उत्तर द्यावे लागेल. नगरपंचायतीपुढे मीटरचा प्रश्न येईल, त्या दिवशी या संस्थांपाशी स्वतःच्या अनुभवाचे आकडे असतील. माणशी वाटा किती पुरतो, पाहुण्यांच्या दिवसांत किती वाढतो आणि गळती कोठे निघते, हे त्यांना ऐकीव माहितीवरून सांगावे लागणार नाही. एकत्र कुटुंबावर आणि गरीब वस्तीवर अन्याय न होता दर कसे ठरावेत, याविषयी त्यांचा शब्द तेव्हा वजनदार ठरेल. सुवर्णमहोत्सवाच्या पुढील वर्षाचा हिशेब लिहिताना या नव्या खात्याचे पहिले पान उघडले जावे, एवढी विनंती या सभेपुढे ठेवून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.

जय जिनेंद्र.